मुंबई दर्शन आपल्या नजरेतून: चैत्यभूमी, परळ, फोर्ट आणि कान्हेरी कसे पाहाल?

दरवर्षी ६ डिसेंबरला देशाच्या कानाकोपऱ्यातून लाखो अनुयायी मुंबईत येतात. रांगेत तासन्‌तास उभे राहून चैत्यभूमीचे दर्शन घेतात, शिवाजी पार्कवर पुस्तके घेतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. बहुतेकांच्या वाट्याला मुंबई एवढीच येते. वास्तविक बाबासाहेबांच्या आयुष्याचा मोठा भाग याच शहरात गेला. त्यांचे शिक्षण, वकिली, प्राध्यापकी, वृत्तपत्रे, संघटना आणि महाविद्यालये या सगळ्यांचे पत्ते इथे आहेत. त्याही आधीच्या काळातील लेणी आणि स्तूप याच शहराच्या उत्तरेला आहेत.

यातील अनेक पत्ते आज सुरक्षित नाहीत. दादरचे आंबेडकर भवन २५ जून २०१६ च्या रात्री पाडले गेले. जुलै २०२० मध्ये राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली. परळ आणि वरळीच्या चाळी पुनर्विकासात आहेत. ज्या ठिकाणी लोक येत-जात असतात, ते ठिकाण गुपचूप नाहीसे करता येत नाही. म्हणून गावातून, तालुक्यातून, कॉलेजातून मुंबईला येणाऱ्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी चैत्यभूमीला एक दिवस द्यावाच, पण शक्य असेल तर आणखी दोन-तीन दिवस काढून हे पत्ते पायाखाली घालावेत. त्यासाठी लागणारी माहिती इथे एकत्र दिली आहे.

मुंबईत कसे पोहोचाल

आपल्यासाठी मुंबईचे केंद्र म्हणजे दादर. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे मार्गांवर असलेले हे स्थानक आहे. चैत्यभूमी पश्चिमेला आणि राजगृह पूर्वेला, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिकीट काढताना गाडी दादरला थांबते का, हे आधी पाहा.

विदर्भातून येणाऱ्यांना विदर्भ एक्सप्रेस आणि सेवाग्राम एक्सप्रेस, मराठवाड्यातून देवगिरी, नंदिग्राम आणि तपोवन, कोल्हापूर-सांगली-सातारा भागातून महालक्ष्मी आणि कोयना, तळकोकणातून तुतारी, मांडवी आणि कोकणकन्या या नेहमीच्या गाड्या आहेत. महापरिनिर्वाण दिनासाठी रेल्वे दरवर्षी विशेष गाड्या सोडते. त्यांचे वेळापत्रक नोव्हेंबरच्या अखेरीस जाहीर होते, त्यावर लक्ष ठेवा. परतीची गाडी कुठून सुटणार हेही तेव्हाच लिहून घ्या, कारण येण्याचे आणि जाण्याचे स्थानक वेगळे असू शकते.

गाडी दादरला थांबत नसेल तर पुढीलप्रमाणे यावे:

सीएसएमटीला उतरलात तर मध्य रेल्वेची कोणतीही जलद किंवा धीमी लोकल दादरला येते. हार्बर लोकल मात्र दादरला येत नाही.

कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरलात तर रिक्षाने किंवा चालत कुर्ला स्थानक गाठा आणि तिथून सीएसएमटीकडे जाणारी मध्य रेल्वेची लोकल पकडा. टर्मिनसजवळचे टिळकनगर स्थानक हार्बर मार्गावर आहे, तिथून दादरची थेट गाडी नाही.

मुंबई सेंट्रलला उतरलात तर पश्चिम रेल्वेची बोरिवली किंवा विरारकडे जाणारी लोकल घ्या. वांद्रे टर्मिनसला उतरलात तर रिक्षाने वांद्रे स्थानकात या किंवा पादचारी पुलावरून खार स्थानकात जा, आणि चर्चगेटकडे जाणारी लोकल घ्या.

पनवेलला उतरलात तर हार्बर लोकलने कुर्ला, तिथे गाडी बदलून दादर.

एसटीने येणाऱ्यांसाठी मुंबई सेंट्रल, परळ आणि कुर्ला नेहरूनगर ही मुख्य आगारे आहेत. पुण्याच्या गाड्या दादरलाही येतात. विमानाने येणाऱ्यांना आता भुयारी मेट्रो ३ चा उपयोग होतो. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली असून दोन्ही टर्मिनलवरून थेट दादर, सीएसएमटी आणि हुतात्मा चौकापर्यंत जाता येते.

लोकलने फिरताना

मुंबईत फिरायला लोकलइतके स्वस्त आणि वेगवान दुसरे साधन नाही. लांबचा प्रवास करून आल्यावर लोकलचे तिकीट वेगळे काढायचे असते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही आणि दंड भरावा लागतो. खिडकीवर रांग असेल तर स्वयंचलित यंत्रावर किंवा रेल्वेच्या मोबाइल अॅपवर तिकीट मिळते. प्रथम वर्गाचे, महिलांचे आणि दिव्यांगांचे डबे वेगळे असतात. साध्या तिकिटावर चुकून त्यात चढू नका.

धीमी गाडी सगळ्या स्थानकांवर थांबते, जलद गाडी ठरावीक स्थानकांवरच. परळ आणि प्रभादेवीसाठी धीमी गाडीच हवी. सकाळी साधारण ८ ते ११ दक्षिणेकडे आणि संध्याकाळी ५.३० ते ९ उत्तरेकडे प्रचंड गर्दी असते. मुलेबाळे, वृद्ध किंवा सामान सोबत असेल तर ही वेळ टाळा. संध्याकाळी बोरिवलीला जायचे असेल तर विरार लोकलमध्ये शिरू नका. दारात विरारचे प्रवासी उभे असतात, मधल्या स्थानकावर उतरणे अवघड होते. बोरिवली लोकलच घ्या.

रविवारी देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो. काही तास गाड्या बंद, उशिरा किंवा दुसऱ्या मार्गावरून धावतात. त्याची सूचना शनिवारी वर्तमानपत्रांत येते.

डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांचे क्रमांक सलग झाले आहेत. १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. जुन्या माणसांनी सांगितलेला क्रमांक आता जुळणार नाही. गटाने येत असाल तर "दादरला भेटू" एवढ्यावर थांबू नका. पूर्व की पश्चिम, कोणता फलाट, कोणता पूल, हे ठरवून ठेवा. पुलांवर मात्र कुणाची वाट पाहत थांबू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली, हे विसरता येणार नाही.

रिक्षा मुंबईत सगळीकडे चालत नाही. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायन, त्याच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगी नाही. दादर, परळ, वरळी, फोर्ट या भागांत काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस हेच पर्याय आहेत. टॅक्सी मीटरवर चालते, मीटर टाकायला सांगणे हा आपला हक्क आहे.

पहिला दिवस: दादर, नायगाव, परळ

सुरुवात चैत्यभूमीपासून. दादर पश्चिमेला उतरून फुलबाजारातून रानडे रस्त्याने शिवाजी पार्ककडे निघा. साधारण अर्ध्या तासाचे चालणे आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणले, राजगृहावर ठेवले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी भैयासाहेब तथा यशवंतराव आंबेडकर यांच्या पुढाकाराने स्मारक उभे राहिले. त्याचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. सांचीच्या तोरणाची प्रतिकृती आणि अशोकस्तंभ निवांत पाहायचे असतील तर डिसेंबरचा पहिला आठवडा सोडून कोणत्याही दिवशी सकाळी लवकर या. मागे समुद्र आहे. भरतीच्या वेळी पाण्यात उतरू नका.

जवळच इंदू मिलची जागा आहे. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते या बंद मिलच्या आवारात शिरले आणि जागेच्या मागणीला धार आली. सुमारे १२ एकरांवर स्मारक उभे राहत असून त्याचे भूमिपूजन ऑक्टोबर २०१५ मध्ये झाले. काम चालू असताना आत सोडतील असे गृहीत धरू नका.

मग दादर पूर्व. स्थानकापासून दहा-पंधरा मिनिटांवर हिंदू कॉलनीत राजगृह आहे. बाबासाहेबांनी हे घर बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. इथल्या ग्रंथसंग्रहाची संख्या ५० हजारांच्या वर गेली होती. माता रमाईंचे निधन २७ मे १९३५ रोजी याच घरात झाले. तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वस्तू आणि छायाचित्रे पाहायला मिळतात. वर आंबेडकर कुटुंबीयांचे घर आहे, आवाज आणि गर्दी बेताची ठेवावी.

दादर पूर्वेलाच गोकुळदास पास्ता रस्त्यावर आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसची जागा आहे. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' यांचा इतिहास या छापखान्याशी जोडलेला आहे. २०१६ मध्ये ती वास्तू पाडल्यानंतर १९ जुलैला मुंबईत विराट मोर्चा निघाला. आपल्या वृत्तपत्रांचा इतिहास कुठे घडला आणि तो किती सहज पुसला जाऊ शकतो, हे दोन्ही इथे कळते.

तिथून दक्षिणेला नायगाव. ३० आणि ३१ मे १९३६ ची मुंबई इलाखा महार परिषद याच भागात भरली. धर्मांतराची सविस्तर मांडणी करणारे बाबासाहेबांचे गाजलेले भाषण त्या परिषदेतले.

पुढे परळ. पोयबावडीतील बीआयटी चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोली क्रमांक ५० आणि ५१. इथे बाबासाहेब १९१२ ते १९३४ अशी जवळपास २२ वर्षे राहिले. परदेशातील पदव्या, 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', महाड, नाशिक आणि गोलमेज परिषद हे सारे याच पत्त्यावर राहत असताना घडले. शाहू महाराज त्यांना भेटायला इथेच आले होते. गिरणी कामगारांच्या दोन लहान खोल्यांत एवढे काम कसे झाले असेल, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याने त्या जिन्यात उभे राहून स्वतःला विचारावा. चाळीत आजही कुटुंबे राहतात. परवानगीशिवाय दारात उभे राहून फोटो काढू नका.

जवळच दामोदर हॉल. ९ मार्च १९२४ रोजी इथे झालेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची कल्पना पुढे आली आणि २० जुलैला ती स्थापन झाली. परळचेच नरे पार्कही चुकवू नका. २४ मे १९५६ रोजी बुद्धजयंतीच्या सभेत बाबासाहेबांनी येत्या ऑक्टोबरमध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेणार असल्याचे इथे जाहीर केले. दीक्षाभूमीची वाट या मैदानातून गेली, पण अनेकांना हे नावही माहीत नसते.

परतताना परळ स्थानक वापरा. परळ आणि प्रभादेवी जोडणारा जुना उड्डाणपूल नव्या बांधकामासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला आहे. टॅक्सीचा वळसा त्यामुळे लांबतो. पायी जाणाऱ्यांसाठी रेल्वेचा पादचारी पूल आहे.

दुसरा दिवस: फोर्ट

सीएसएमटी किंवा चर्चगेटला उतरा. हा सगळा भाग चालत पाहता येतो. डॉ. दादाभाई नौरोजी मार्गावर आनंद भवन आणि बुद्ध भवन या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या इमारती आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ रोजी स्थापन झाली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग हे त्याचे वैशिष्ट्य. महाविद्यालयात रीतसर परवानगी काढूनच आत जावे. ग्रंथालय पाहायचे असेल तर आधी अर्ज करावा.

काळा घोडा येथे एल्फिन्स्टन कॉलेज. सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब इथे शिकले. जवळच उच्च न्यायालय, जिथे १९२३ पासून त्यांनी वकिली केली. सार्वजनिक पाणवठ्यावरचा हक्क मागणारा माणूस या कमानींखालून रोज जात होता. महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी निघाले तेही मुंबई बंदरातून, 'पद्मावती' बोटीने दासगावपर्यंत.

समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. संग्रहालयात बुद्धमूर्ती आणि मीरपूरखासच्या स्तूपावरील मातीची शिल्पेही आहेत. हॉर्निमन सर्कलजवळच्या टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे. सोपारा स्तूपात मिळालेले करंडक आणि अवशेष तिच्या ताब्यात आहेत. ते रोज मांडलेले नसतात, त्यामुळे चौकशी करूनच जा.

तिसरा दिवस: कान्हेरी आणि सोपारा

कान्हेरीला जायचे तर बोरिवली पूर्वेला उतरा. स्थानकापासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार चालण्याच्या अंतरावर आहे. तिथून लेणी सुमारे ६ किलोमीटर आत आहेत. उद्यानाच्या बसने किंवा भाड्याच्या सायकलने जाता येते. उद्यानाचे आणि लेण्यांचे तिकीट वेगवेगळे असते. सोमवारी बंद असते, म्हणून सोमवार धरून बेत आखू नका. पाणी सोबत ठेवा, खाण्याच्या पिशव्या उघड्यावर बाळगू नका, माकडे हिसकावतात.

इथे शंभरहून अधिक लेणी आहेत. साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षे हा विहार नांदता होता. क्रमांक ३ चे चैत्यगृह, व्हरांड्यातील दोन भव्य बुद्धमूर्ती आणि क्रमांक ११ चे सभेचे लेणे आधी पाहा. मग वर चढून पाण्याची टाकी आणि त्यांना जोडणारे खडकातले पाट बघा. शेकडो भिक्खूंची पाण्याची सोय डोंगरावर कशी केली होती, ते समजते. दानलेखांमध्ये कल्याण आणि सोपारा इथल्या व्यापाऱ्यांची नावे येतात. म्हणजे हा संघ बंदरांतल्या सामान्य उपासक-उपासिकांच्या दानावर उभा होता. सहलीचे ठिकाण म्हणून येणारे चैत्यगृहात आरडाओरडा करतात. आपला गट तिथे शांतपणे बसून वंदना घेतो, तेव्हा न सांगता हे स्थळ कोणते आहे ते इतरांना कळते.

सोपाऱ्यासाठी पश्चिम रेल्वेने नालासोपारा गाठा आणि पश्चिमेकडून रिक्षा घ्या. 'सोपारा स्तूप' किंवा 'बुरूड राजाचा कोट' सांगितले की नेतात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये इथे उत्खनन केले. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि आठ बुद्धांच्या छोट्या मूर्ती मिळाल्या. धम्मपरंपरेत अपरान्तात धम्म नेणाऱ्या पुण्ण थेरांचे नाव या बंदराशी जोडलेले आहे.

वेळ उरला तर अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी रिक्षाने गाठता येतात. मागाठाणे लेण्यांना मात्र वस्तीने वेढले आहे. आज तिथे पोहोचणे म्हणजे वारसा कसा गिळला जातो हे पाहणे होय. गोराईचा विपश्यना पॅगोडा पाहायचा असेल तर बोरिवली पश्चिमेहून गोराई खाडीवर जा आणि बोटीने पलीकडे उतरा. मधे खांब नसलेल्या त्याच्या भव्य घुमटाखाली सुमारे ८ हजार साधक बसू शकतात.

आणखी दोन ठिकाणे

घाटकोपर पूर्वेचे माता रमाबाई आंबेडकर नगर. ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, १० जण शहीद झाले. त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी आयुष्य संपवले. महामार्गालगतच्या या वस्तीत शहिदांना अभिवादन करायला ११ जुलैलाच गेले पाहिजे असे नाही.

दुसरे, वरळीच्या बीडीडी चाळी. ५ जानेवारी १९७४ ला इथे दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात परळला भागवत जाधव शहीद झाले. चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत. जुन्या रहिवाशांशी बोलायचे असेल, आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या असतील, तर त्याला आता फार वेळ नाही.

६ डिसेंबरला येणार असाल तर

१. शक्य असेल तर ४ किंवा ५ डिसेंबरला दर्शन घ्या, रांग तुलनेने लहान असते.
२. शिवाजी पार्कवर महापालिकेतर्फे मंडप, पाणी, शौचालय आणि वैद्यकीय कक्ष असतात. कक्ष कुठे आहे ते पोहोचताच पाहून ठेवा.
३. मुले आणि वृद्ध यांच्या खिशात नाव, गाव आणि दोन मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्या.
४. हार-फुलांऐवजी वही-पेन आणा. ती गरजू विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतात.
५. पुस्तकांसाठी वेगळे पैसे आणि रिकामी पिशवी ठेवा. इतर वेळी सहज न मिळणारी छोट्या प्रकाशकांची पुस्तके इथे मिळतात.
६. जेवणाच्या पत्रावळ्या आणि बाटल्या कचराकुंडीतच टाका. आपल्या गर्दीकडे बोट दाखवायला टपलेल्यांना निमित्त देऊ नका.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी हिंदमाता, परळ आणि दादर पूर्व या सखल भागांत पाणी साचते हे लक्षात ठेवावे. भटकंतीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

गावी परतल्यावर

आपल्या विहारात किंवा वसतिगृहात एक संध्याकाळ ठेवा. काय पाहिले ते सांगा, फोटो दाखवा, पत्ते लिहून भिंतीवर लावा. पुढच्या वर्षी मुंबईला जाणाऱ्या गटाला तोच कागद उपयोगी पडेल. बीआयटी चाळीतील त्या दोन खोल्यांचे, नरे पार्कचे, सोपाऱ्याच्या स्तूपाचे पुढे काय होणार, हे सरकारदरबारी ठरेलच. पण तिथे दर महिन्याला कुणीतरी विचारपूस करत येते, हे त्या फाइलवर निर्णय घेणाऱ्यालाही माहीत असले पाहिजे.

जय भीम, नमो बुद्धाय!